दाखला देणाऱ्याचा दाखला कोण तपासतो?

निर्यातीचा माल पाठवणाऱ्या व्यापाऱ्याला आता एक गोष्ट पुरती कळून चुकली आहे. माल चांगला असून भागत नाही, माल चांगला असल्याचा कागद लागतो. आणि कागद असूनही काम होत नाही. तो कागद देणारा कोण, त्याची लायकी काय, असा सवाल समुद्रापलीकडचा खरेदीदार विचारतो. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सोलापूर इथल्या आपल्या कारखानदारांची गाडी बहुतेक वेळा या दुसऱ्या सवालावर अडते. म्हणून आज भावाच्या तेजीमंदीऐवजी एतबाराच्या बाजाराविषयी चार शब्द लिहितो.

आपल्या वाडवडिलांच्या काळी हुंडी चालत असे. एका गावच्या सराफाने लिहिलेली हुंडी शेकडो कोसांवरच्या पेढीवर वटत असे. ती वटत असे ती शाईमुळे नव्हे. लिहिणाऱ्याची पत त्या दुसऱ्या सराफाला माहीत असे आणि आपण आज ही हुंडी नाकारली तर उद्या आपलीही कोणी घेणार नाही, हे त्याला पक्के ठाऊक असे. आज जगभर चाचणी अहवाल आणि प्रमाणपत्रे याच तत्त्वावर चालतात. फरक इतकाच की सराफाच्या जागी देशोदेशींच्या मान्यता संस्था आल्या आहेत. इंग्रजीत या मान्यतेला अॅक्रेडिटेशन म्हणतात.

हा मामला तीन पायऱ्यांचा आहे. पहिल्या पायरीवर प्रयोगशाळा. ती आपल्या थानातून तुकडा कापून घेते आणि रंग पक्का आहे की नाही, धाग्यात सूत किती, पॉलिएस्टर किती, रंगात घातक रसायन आहे काय, ते सांगते. दुसऱ्या पायरीवर त्या प्रयोगशाळेला तपासणारी राष्ट्रीय मान्यता संस्था. आपल्या देशात प्रयोगशाळांसाठी हे काम एनएबीएल करते आणि प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांसाठी एनएबीसीबी. दोन्ही मंडळे भारतीय गुणवत्ता परिषदेखाली आहेत. जर्मनीत हे काम डाक्स नावाची संस्था करते, इंग्लंडात यूकास, फ्रान्समध्ये कोफ्राक.

आता कोणीही विचारील की एनएबीएलने प्रयोगशाळेला तपासले, पण एनएबीएलला कोणी तपासले? जर्मन खरेदीदाराने भारतातल्या संस्थेच्या शिक्क्यावर भरोसा का ठेवावा? याचे उत्तर तिसऱ्या पायरीवर आहे. त्या पायरीवर कोणी बडा साहेब बसलेला नाही. तिथे बरोबरीचे लोक एकमेकांना तपासतात.

याचा थोडा इतिहास सांगणे जरूर आहे. दुसऱ्या महायुद्धात ऑस्ट्रेलियाला दारूगोळा तपासण्याच्या सोयी अपुऱ्या पडल्या. त्या अनुभवातून १९४७ मध्ये तिथे नाटा ही संस्था निघाली. प्रयोगशाळांना मान्यता देणारी ही जगातली पहिली राष्ट्रीय संस्था. पुढे अनेक देशांनी तशा संस्था काढल्या, पण प्रत्येकाचा शिक्का आपापल्या सरहद्दीपुरता चालत असे. १९७७ मध्ये कोपनहेगन येथे या विषयावर आंतरराष्ट्रीय परिषद भरली. तिथून आयलॅक ही संघटना आकाराला आली. अखेर २ नोव्हेंबर २००० रोजी वॉशिंग्टनमध्ये २८ देशांच्या आणि अर्थव्यवस्थांच्या ३६ मान्यता संस्थांनी परस्पर मान्यतेच्या करारावर सह्या केल्या. एनएबीएल त्या पहिल्या तुकडीत होती, ही गोष्ट आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असेल. करार ३१ जानेवारी २००१ पासून अंमलात आला. पुढे पाकिस्तान, बांगलादेश, श्रीलंका यांच्याही संस्था त्यात आल्या. प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थांच्या बाजूला आयएएफ नावाची वेगळी संघटना असाच करार चालवत होती. २०२६ च्या आरंभापासून या दोन्ही संघटनांचे काम एकाच जागतिक संघटनेत गोळा करण्यात आले आहे. नाव बदलले, छत एक झाले, तत्त्व मात्र तेच राहिले.

हे तत्त्व अंमलात कसे येते? करारात यायचे असेल तर त्या संस्थेकडे दुसऱ्या देशांच्या मान्यता संस्थांतले अनुभवी तपासनीस येतात. दप्तर उघडून बघतात. तक्रारी आल्या तर त्यांचे काय केले, तपासनीसांना शिक्षण काय, कोणाच्या दबावाखाली मान्यता दिली गेली काय, हे विचारतात. नुसते दप्तर बघून ते परत जात नाहीत. संस्थेचा माणूस एखाद्या प्रयोगशाळेची तपासणी करायला जातो तेव्हा हे पाहुणे सोबत जातात आणि तो काय विचारतो, काय सोडून देतो, ते कोपऱ्यात उभे राहून बघतात. मग उणिवा लेखी दिल्या जातात. त्या दुरुस्त झाल्याशिवाय निर्णय होत नाही, आणि तो निर्णयही त्या पाहुण्यांच्या हाती नसतो; सर्व सभासद संस्थांच्या मंडळाकडे जातो. एकदा पास झाले म्हणजे जन्माचे पास, असेही नाही. जास्तीत जास्त चार वर्षांत पुन्हा तपासणी होते. कामात खोट निघाली तर सही निलंबित होऊ शकते.

याशिवाय एक साधी आणि खरी कसोटी आहे. एकाच थानाचे एकसारखे तुकडे अनेक प्रयोगशाळांना पाठवतात आणि आलेले आकडे शेजारी शेजारी मांडतात. सर्वांचे आकडे जवळपास आणि एकाचाच भलताच, तर त्या एकाला जाब द्यावा लागतो. आपल्या बाजारात चार दुकानांचे तराजू एकाच वजनाने पडताळावेत, तसाच हा प्रकार.

कपड्याच्या धंद्यात याचे मोल किती, हे अॅझो रंगांच्या प्रकरणाने शिकवले. काही अॅझो रंग अंगाशी राहून तुटतात आणि त्यातून कर्करोगाचा धोका असलेली अमाइन नावाची रसायने सुटतात. जर्मनीने १९९४ मध्ये अशा रंगांवर बंदीचा कायदा केला. मी तेव्हा वडिलांच्या गादीवर नवाच बसू लागलो होतो. बाजारात अशी धावपळ मी त्याआधी बघितली नव्हती. प्रोसेस हाऊसवाला म्हणे, रंग देणाऱ्याला विचारा. रंगवाला म्हणे, कंपनीला विचारा. भारत सरकारनेही १९९७ मध्ये अशा रंगांवर बंदी घातली. युरोपीय संघाने २००२ मध्ये सगळ्या सभासद देशांसाठी एकच नियम केला आणि तो आज त्यांच्या रीच या रसायन कायद्यात आहे. मर्यादा किलोमागे ३० मिलिग्रॅम. आता विचार करा, एका प्रयोगशाळेने २६ सांगितले आणि हॅम्बुर्गच्या प्रयोगशाळेने ३४, तर माल कोणाचा खरा? दोन्ही प्रयोगशाळा एकाच पद्धतीने काम करणाऱ्या आणि एकाच कसोटीतून गेलेल्या असतील तरच अशा भांडणाचा निवाडा होऊ शकतो. नाहीतर ज्याच्या हातात पैसा अडकला आहे त्याचेच म्हणणे चालते, आणि पैसा बहुधा खरेदीदाराच्या हातात असतो.

अमेरिकेने तर ही व्यवस्था सरळ आपल्या कायद्याच्या अंमलात घेतली. २००८ मध्ये तिथे मुलांच्या वस्तूंच्या सुरक्षिततेचा कायदा झाला. मुलांच्या कपड्यांची चाचणी त्रयस्थ प्रयोगशाळेत झाली पाहिजे, ती प्रयोगशाळा आयएसओ १७०२५ या मानकाप्रमाणे मान्यताप्राप्त पाहिजे आणि मान्यता देणारी संस्था परस्पर मान्यतेच्या करारातली पाहिजे, अशी तिथल्या ग्राहक सुरक्षा आयोगाची अट आहे. वर आयोगाकडे त्या प्रयोगशाळेची नोंद लागते. म्हणजे भारतात बसलेली, एनएबीएलची मान्यता असलेली प्रयोगशाळा नोंद करून अमेरिकेसाठी अहवाल देऊ शकते. नमुने विमानाने न्यूयॉर्कला पाठवण्याची जरूर उरत नाही. मुलांचे कपडे शिवणाऱ्यांनी आणखी एक बारकावा ध्यानात ठेवावा. साध्या रंगवलेल्या कापडाला शिशाच्या चाचणीतून सूट आहे, पण बटण, झिप आणि वर उमटवलेली छपाई यांना तशी सूट नाही. कित्येकांचा माल कापडासाठी नव्हे, दोन रुपयांच्या बटणासाठी अडतो.

इथपर्यंत वाचून कोणी म्हणेल, मग अडचण कुठे आहे? एकदा चाचणी केली की सगळीकडे चालली पाहिजे. कागदावर तसेच आहे, व्यवहारात नाही. हा करार मान्यता संस्थांमधला आहे, खरेदीदार त्याने बांधला जात नाही. मोठमोठ्या परदेशी दुकानदारांच्या स्वतःच्या ठरलेल्या प्रयोगशाळा असतात आणि तिथलाच अहवाल पाहिजे, असे ते ऑर्डरमध्ये लिहून देतात. माझ्याच एका चादरींच्या लॉटची चाचणी मुंबईत मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत झालेली होती. खरेदीदाराने ती बाजूला ठेवली आणि आपल्या यादीतल्या प्रयोगशाळेकडून तीच चाचणी, त्याच पद्धतीने, पुन्हा करवून घेतली. आकडे जवळपास तेच आले. खर्च माझा, गेलेले दिवसही माझे. मोठा निर्यातदार हा खर्च हजारो पेट्यांवर पसरवतो. दहा-बारा लूम चालवणाऱ्या आपल्या भावाला तो एका लहान लॉटमधून काढावा लागतो. दुहेरी चाचणीचा भुर्दंड सर्वांना सारखा बसत नाही. लहान माणसाला तो नफ्याएवढा बसतो.

खरेदीदाराच्या या अविश्वासाला काही आधार आहे काय, हेही इमानाने बघितले पाहिजे. एक आक्षेप असा की, बरोबरीच्यांनी बरोबरीच्यांना तपासायचे म्हणजे आज मी तुला सांभाळतो, उद्या तू मला सांभाळ. शिवाय प्रयोगशाळा मान्यता संस्थेला फी देते, व्यापारी प्रयोगशाळेला फी देतो. जो पैसे देतो त्याला नापास कोण करील? हा आक्षेप खोटा नाही. म्हणूनच निर्णय मंडळाकडे जातो, म्हणूनच एका कापडाचे तुकडे दहा ठिकाणी फिरतात. युरोपीय संघाने तर २००८ मध्ये कायदा करून, २०१० पासून एका देशात एकच राष्ट्रीय मान्यता संस्था असा दंडक घातला, म्हणजे या संस्थांनी गिऱ्हाइकासाठी आपसांत चढाओढ करू नये. जर्मनीत पूर्वी अशा अनेक संस्था होत्या. त्या एकत्र करून डाक्स झाली. मान्यतेच्या कामात सस्त्याची स्पर्धा सुरू झाली की सर्वात आधी सचोटीचा बळी जातो.

हा कागद माणसाच्या जिवावर कसा बेततो, तेही एकदा बघा. ११ सप्टेंबर २०१२ रोजी कराचीच्या बलदिया भागात अली एंटरप्रायझेस या कपडे शिवणाऱ्या कारखान्यात आग लागली आणि अडीचशेहून अधिक कामगार मरण पावले. खिडक्यांना गज होते, बाहेर पडण्याचे मार्ग बंद होते. त्याच कारखान्याला काही आठवड्यांपूर्वी एसए ८००० हे कामगारांच्या हिताचे आंतरराष्ट्रीय प्रमाणपत्र मिळाले होते. ही आग मुद्दाम लावली गेली, असा निकाल तिथल्या न्यायालयाने २०२० मध्ये दिला. पण आग कोणीही लावली असो, दरवाजे उघडे असते तर माणसे बाहेर आली असती, आणि दरवाजे बघणे हेच प्रमाणपत्र देणाऱ्याचे काम होते. ते प्रमाणपत्र देणाऱ्या संस्थेची मान्यता कुठल्या देशाच्या राष्ट्रीय संस्थेची नव्हती, त्या मानकाच्याच परिवारातल्या एका खाजगी संस्थेची होती. राष्ट्रीय संस्था असती तर दुर्घटना टळलीच असती, असा दावा मी करत नाही. एवढेच म्हणतो की, जो साक्षीदाराला तपासतो त्यालाही बाहेरच्या कोणीतरी तपासले पाहिजे, आणि हा साखळीतला दुवा जितका ढिला तितका कागद पोकळ.

आता आपल्या घरात डोकावू. आपल्या औद्योगिक गाळ्यांत तीन दिवसांत आयएसओ ९००१ चे प्रमाणपत्र आणून देणारे दलाल फिरतात. कारखान्यात पाऊल न टाकता प्रमाणपत्र हजर. त्यावर मान्यता संस्थेचे भारदस्त इंग्रजी नाव असते, चकचकीत शिक्का असतो. चौकशी केली तर ती संस्था कुठल्याही आंतरराष्ट्रीय करारात नसते, कधी तर प्रमाणपत्र देणाऱ्यानेच ती काढलेली असते. हे प्रमाणपत्र भिंतीवर लावणारा समजतो की आपण स्वस्तात काम उरकले. खरे तर तो आपल्या शेजाऱ्याचे नुकसान करतो. परदेशातला खरेदीदार असे दोन कागद बघतो आणि तिसरा अस्सल कागद घेऊन जाणाऱ्याला दुहेरी चाचणीला लावतो. खोटा रुपया बाजारात आला की खऱ्या रुपयालाही दगडावर आपटून बघतात.

हलालच्या प्रमाणपत्राचा प्रश्नही याच जातीचा आहे, आणि मांस, मसाले, खाद्यपदार्थ यांत असलेल्या आपल्या बंधूंशी त्याचा थेट संबंध आहे. २०२३ मध्ये केंद्र सरकारच्या विदेश व्यापार महासंचालनालयाने मांस आणि मांसाच्या पदार्थांच्या निर्यातीसाठी धोरण जाहीर केले. हलाल म्हणून पाठवायच्या मालाला प्रमाणपत्र देणारी संस्था एनएबीसीबीची मान्यता असलेली पाहिजे, असा त्याचा सारांश. पण खरेदी करणाऱ्या देशांत एकमत नाही. इस्तंबूलला २०१० पासून इस्लामी देशांची मानकांची संस्था आहे, आखाती देशांचे स्वतःचे मान्यता केंद्र आहे, मलेशियाची जाकिम आणि इंडोनेशियाची बीपीजेपीएच आपापल्या याद्या ठेवतात. एकाच कत्तलखान्याला चार देशांसाठी चार तपासण्या द्याव्या लागतात. श्रद्धेची बाब ज्याची त्याने ठरवावी. पण वजन, स्वच्छता, नोंदी आणि तपासनिसाची लायकी यांची तपासणी चारदा करण्यात कोणाचे पुण्य आहे? परस्पर मान्यतेची सर्वात जास्त गरज इथेच आहे.

आपल्या सरकारलाही एक गोष्ट सांगितली पाहिजे. परस्पर या शब्दाला दोन बाजू असतात. जागतिक व्यापार संघटनेचा तांत्रिक अडथळ्यांविषयीचा करार १९९५ पासून आहे आणि दुसऱ्या देशातल्या चाचण्या जमेल तिथे मान्य कराव्यात, असे तो सांगतो. आपण मात्र मालामागून माल सक्तीच्या गुणवत्ता आदेशाखाली आणतो. खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून असा आदेश लागू झाला. तिथे परदेशी अहवाल चालत नाही, मानक ब्युरोचाच परवाना लागतो. निकृष्ट माल रोखणे योग्यच आहे. पण आपण दुसऱ्याच्या अस्सल अहवालाला दार लावले तर आपल्या एनएबीएलच्या अहवालासाठी दार उघडा, हे कोणत्या तोंडाने म्हणणार?

मग आपण करावे काय? माझ्या समजुतीप्रमाणे चार कामे आपल्या हातातली आहेत.

पहिले काम म्हणजे अहवाल वाचायला शिकणे. प्रयोगशाळेला मान्यता आहे, एवढे पुरत नाही. कोणत्या चाचणीसाठी आहे ते महत्त्वाचे. रंगाच्या पक्केपणासाठी मान्यता असलेली प्रयोगशाळा अॅझोच्या चाचणीसाठी मान्यताप्राप्त असेलच असे नाही. प्रत्येक प्रयोगशाळेची चाचण्यांची यादी एनएबीएलच्या संकेतस्थळावर मिळते. आपल्याला पाहिजे ती चाचणी आणि खरेदीदाराने मागितलेली पद्धत त्यात आहे काय, हे नमुना देण्याआधी बघा. अहवालावर एनएबीएलचे चिन्ह आणि यूएलआर हा क्रमांक आहे काय, हेही बघा. घरातल्या शिकलेल्या मुलाला किंवा मुलीला हे काम द्या. अर्ध्या तासाचे काम आहे.

दुसरे, सौदा लिहिताना बोला. माल तयार झाल्यावर वाद घालून उपयोग नाही. करारातल्या मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा अहवाल चालेल, आणि खरेदीदाराला पुन्हा चाचणी करायची असेल तर माल पास झाल्यास खर्च त्याचा, अशी ओळ ऑर्डरमध्येच घालून घ्यावी. सगळे मान्य करणार नाहीत. पण दहा जणांनी मागितले तर दोन खरेदीदार मान्य करतील, आणि रिवाज असेच पडतात.

तिसरे काम एकट्याचे नाही, संघटनांचे आहे. मुंबईत टेक्स्टाइल्स कमिटी आहे, घाटकोपरला बीटीआरए आहे. यंत्रमागाच्या शहरांत पॉवरलूम सर्व्हिस सेंटर आहेत. आमच्या संघटना विजेच्या दरासाठी मोर्चे काढतात, सुताच्या भावासाठी निवेदने देतात, ते बरोबरच आहे. त्याच जोराने अशीही मागणी झाली पाहिजे की, प्रत्येक यंत्रमाग शहरात निर्यातीला लागणाऱ्या चाचण्यांची मान्यता असलेली प्रयोगशाळा असावी आणि लहान कारखानदाराला तिथे सवलतीचा दर मिळावा. सरकार देत नसेल तर संघटनांनी वर्गणी काढून भागीदारीत ती उभी करावी. लग्नाचे हॉल बांधायला आपण वर्गणी काढतोच.

चौथे काम इमानाचे. विकत घेतलेले प्रमाणपत्र भिंतीवरून उतरवा. नमुना एका लॉटचा आणि माल दुसऱ्या लॉटचा, ही चलाखी सोडा. जगातली कोणतीही तपासणी या चलाखीपुढे लंगडी पडते, कारण प्रयोगशाळा समोर आलेल्या तुकड्याचीच साक्ष देते, पेटीत काय भरले त्याची नाही.

एनएबीएलच्या शिक्क्याची पत गुरुग्रामच्या दप्तरात किंवा परदेशातल्या बैठकांत अर्धीच तयार होते. उरलेली अर्धी भिवंडीच्या गाळ्यात आणि मालेगावच्या लूमवर तयार होते, जिथे तपासलेला माल आणि पाठवलेला माल एकच असतो. पत एका माणसाची असली तरी तिचा फायदा शंभरांना होतो, आणि तोटाही तसाच. बाजारातल्या बंधूंनी आणि संघटनांच्या पदाधिकाऱ्यांनी यावर विचार करावा आणि येत्या बैठकीत निदान प्रयोगशाळेचा विषय तरी कार्यपत्रिकेवर घ्यावा, एवढीच विनंती.